मांडवातला शिळा भाग

माझ्या नणंदेचं लग्न वैशाखात झालं. त्या लग्नातलं आज नीट विचाराल तर मला फारसं सांगता येणार नाही. जे आठवतं ते पहाटेच्या अर्ध्या झोपेत पाहिल्यासारखं आठवतं. जांभळाच्या डाहाळ्या टाकलेला मांडव, त्यातून खाली उतरणारं हिरवट ऊन, शिंपलेल्या अंगणाचा गारवा, हळदीनं पिवळी झालेली नणंद, आणि मांडवाच्या मधोमध बाजेवर ठेवलेला टीव्ही. त्या टीव्हीत एक जहाज चांदण्यांमधून चाललेलं. लग्नघरात एवढी माणसं असून त्या घटकेला सगळे गप्प होते, हे मात्र मला पक्कं आठवतं, कारण आमच्या घरात सगळे एका वेळी गप्प बसले असं पुन्हा कधी झालं नाही.

ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती तेव्हाची ही गोष्ट. मी वर्ध्याची. कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन रोहण्याला शेतकऱ्याच्या घरी आले. त्या इंग्रजीचा सासरी काय उपयोग, असं माझ्या माहेरी सगळ्यांनाच वाटायचं. उपयोग झाला तो टीव्हीसमोर. आमच्या आळीत टीव्ही एकच, समोरच्या घरी, माझ्या चुलत सासऱ्यांकडे. त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करून ते गावी परतले होते, आणि येताना लाकडी दारांचा टीव्ही घेऊन आले होते. त्याचा अँटेना त्यांनी कवेलूंच्या छपरावर उंच पाइपावर बसवला होता आणि त्याचं तोंड नागपूरकडे केलं होतं. त्या अँटेनाला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही, कावळा बसला तरी काकाजी खालून शिव्या द्यायचे.

दर रविवारी सकाळी त्यावर एक परदेशी मालिका लागायची. अंतराळात फिरणाऱ्या जहाजाची. दोन-अडीच वर्षं ती चालू होती आणि संपायचं नाव घेत नव्हती. बोलणं सगळं इंग्रजीत. म्हणून मला पुढं बसवायचे आणि मी सांगत जायची. अर्धं मला कळायचं, अर्धं मी त्यांच्या चेहऱ्यांवरून लावायची. जहाजाच्या कप्तानाला आमच्याकडे मालक म्हणत. कानाच्या जागी नुसती भोकं असलेला एक जण होता, त्याला सासूबाई बिचारा म्हणत. आणि एक बाई होती, जहाजाला वाट दाखवणारी. तिच्यासमोर मोठी काच, काचेत ठिपके, आणि ती बोट ठेवून सांगायची की आता इकडे वळा. तिचं नाव आमच्या घरात पडलं दिशावाली.

या दिशावालीवर माझ्या नणंदेचा भारी जीव. तिची गोष्ट अशी होती की तिचं स्वतःचं घर, म्हणजे तिचा ग्रह, हरवला होता. साऱ्या जहाजाला वाट दाखवायची आणि हिला आपलीच वाट माहीत नाही. मला ते जरा ओढूनताणून वाटायचं. नणंदेला तसं वाटत नसे. ती भाकरी थापताना मध्येच मला विचारायची, "वयनी, सापडन ना तिले घर?" मी म्हणायची, "सापडलं तं मालिका बंद होईन ना मग." यावर ती रागानं भाकरी उलटायची.

तर तिचं लग्न ठरलं. सासर हिंगणघाटच्या पलीकडे, वेणा नदीच्या काठचं एक गाव. माणसं चांगली, जमीन काळी, पण टीव्ही साऱ्या गावात कुणाकडे नाही, असं बोलणी करायला गेलेल्यांनी येऊन सांगितलं. ते त्यांनी सहज सांगितलं. ऐकणारीनं सहज ऐकलं नाही, हे मी पाहिलं. आणि योग असा की लग्नाच्या आधीच्या रविवारी मालिकेचा भाग फार मोक्याच्या जागी थांबला. दिशावालीला निरोप आला होता की घर सापडलं. मालकानं तिला एक लहानशी होडी दिली, आकाशात चालणारी, आणि ती एकटी निघाली. पुढचं पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी नवरी हळदीत असणार होती. शनिवारी संध्याकाळी हळद, सोमवारी गोरज मुहूर्तावर लग्न. आणि आमच्याकडे हळद लागलेल्या मुलीनं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही रीत. टीव्ही समोरच्या घरी, मध्ये फक्त रस्ता, बैलगाडी जाईल एवढा. पण रस्ता म्हणजे मांडवाबाहेर. सासूबाईंपुढं हा विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

नणंदेनंही काढला नाही. शनिवारी हळद लावून झाल्यावर मी तिचे केस मागं बांधत होते, तेव्हा एवढंच म्हणाली, "वयनी, ते घरी पोचली का नाई, एवढं पाहून गेली असती तं मी मोकळी झाली असती." आवाजात रडं नव्हतं. मागणंही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अशीच हळद लागलेली मी वर्ध्याला बसले होते आणि मला काय पाहायचं राहिलं आहे हे कुणी विचारलं नव्हतं, ते त्या वेळी मला आठवलं. मी तशीच उठले, रस्ता ओलांडून गेले आणि काकाजींना सांगितलं.

काकाजी सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि बराच वेळ छताकडे पाहिलं. टीव्ही हलवायचा म्हणजे अँटेना हलवायचा. मला वाटलं, नाहीच म्हणणार. मग म्हणाले, "पोरगी मांडवाबाहेर येत नाई, तं टीव्ही मांडवात जाईन. त्याले कोठं हळद लागली आहे?"

रविवारी सकाळी बाजेवर टीव्ही ठेवून तो रस्त्यापलीकडे आणला गेला. चार जण बाज धरून आणि काकाजी पुढं, हात पसरून वाट करत. आलेल्या पाहुण्यांना वाटलं, ही आमच्याकडची काही रीतच आहे, आणि एका म्हाताऱ्या मावशीनं पडद्याला हळदीकुंकूही लावलं. अँटेना पाइपासकट काढून मांडवाच्या मधल्या बांबूला बांधला. बांधणारे माझ्या नवऱ्याचे मित्र. काकाजी खालून सांगत होते, "नागपूरकडे तोंड करा रे, नागपूरकडे." वरचे म्हणत होते, "केलं काकाजी."

नणंद पाटावर बसली. मी तिच्या शेजारी. सासूबाई कणकेचे हात घेऊन चुलीपुढून उठून आल्या आणि उभ्याच राहिल्या. कुणीतरी मांडवाच्या कडेला ओल्या चादरी सोडल्या होत्या, ऊन लागू नये म्हणून, त्यामुळे आत पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं. टीव्ही तापायला वेळ घेई. आधी पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या आल्या, मग आवाज, मग मुंग्यांमधून हळूहळू ती होडी वर आली.

आणि तिथून जो भाग सुरू झाला, त्याच्याइतका फुसका भाग त्या मालिकेत ना आधी झाला होता, ना नंतर झाला.

दिशावालीची होडी वाटेत बंद पडली. चारी बाजूंनी अंधार, मदत येईपर्यंत करण्यासारखं काही नाही. ती डोळे मिटून बसली आणि तिला जुनं आठवायला लागलं. ती पहिल्यांदा जहाजावर आली तो प्रसंग. मग बिचाऱ्याला ताप आला होता तो प्रसंग. मग मालकाशी तिचं भांडण झालं होतं, ते. सगळं आम्ही पाहिलेलं. एक तुकडा संपला की पुन्हा तिचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा, की दुसरा जुना तुकडा. घरात उरलेल्या चिंध्या जोडून वाकळ शिवावी तसा त्यांनी तो भाग शिवून काढला होता. कुठल्या देशात बसून कुणी हे लिहिलं असेल ते असो, त्या आठवड्यात त्याला काम करायचा कंटाळा आला होता, एवढं मला तेव्हाच कळलं. मला त्या माणसाचा असा राग आला की आजही तो पुरता गेलेला नाही.

पण मांडवात वेगळंच चाललं होतं. पहिल्या जुन्या तुकड्याला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्याला कुजबुज सुरू झाली. तिसऱ्याला सासूबाई म्हणाल्या, "हे तं झालं ना पाहून."

"झालंच आहे," काकाजी म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठी चढली होती. ते पडद्याकडे पाहतच नव्हते, वर बांबूकडे पाहत होते. "हे नागपूरचं नाई. नागपूरचं ताजं येते. तोंड फिरलं आहे अँटेन्याचं. हे कुठचं तरी शिळं येऊन राह्यलं."

हे तुम्हाला हास्यास्पद वाटेल. आमच्याकडे कुणालाच वाटलं नाही. नागपूरचा पेपर आमच्याकडे गाडीनं यायचा आणि येईपर्यंत दुपार व्हायची. एखादे दिवशी गाडी चुकली की तोच पेपर दुसऱ्या दिवशी, शिळा होऊन यायचा. ताजी गोष्ट लांबच्या वाटेनं आली की शिळी होते, हे सगळ्यांच्या अनुभवातलं होतं. टीव्ही काय वेगळा असणार? शिवाय पोरांनी अँटेना बांधलेला, तोही लग्नाच्या गडबडीत.

मी म्हटलं, "काकाजी, तोंड बरोबर आहे. ते बाई आठवून राह्यली. तिच्या आठवणी आहेत ह्या."

"आठवते तं आठवू दे ना मनात," काकाजी म्हणाले. "आपल्याले काऊन दाखवते?"

इंग्रजी घेऊन बी.ए. झालेलीला याचं उत्तर कॉलेजात कुणी शिकवत नाही. तोवर शिडी आली. काकाजी स्वतः चढले. त्यांच्या वयाचं माणूस शिडीवर चढलेलं पाहून खालच्या बायांनी पदर तोंडाशी नेले. नणंदेनं माझा हात धरला. तिच्या हाताची हळद माझ्या हाताला लागली. ती पडद्यावरून नजर हलवत नव्हती, कारण त्याच वेळी होडीत कसला तरी दिवा लागला होता आणि दिशावालीनं डोळे उघडले होते.

"काकाजी, थांबा," मी ओरडले. "आता नवीन लागलं."

पण वर काकाजींनी पाइपाला हात घातला होता. चित्र तिरकं झालं, ताणलं गेलं आणि मुंग्यांत बुडालं. खालून सगळे एकदम बोलायला लागले. कुणी इकडे म्हणे, कुणी तिकडे. मध्येच एक क्षण मुंग्या विरळ झाल्या आणि एक दार दिसलं, किंवा दारासारखं काही. त्यात उजेड होता. उजेडात कुणीतरी उभं होतं असं सासूबाई पुढं बरेच दिवस सांगत. माझ्या नवऱ्याच्या मते तो नुसता खांब होता. मला एक आवाज ऐकू आला, बाईचा, दोनच शब्द, पण ते काय होते ते मला लागलं नाही. मग पुन्हा मुंग्या. चित्र परत आलं तेव्हा शेवटचं संगीत वाजत होतं आणि नावं वर सरकत होती.

काकाजी वरून म्हणाले, "आलं का ताजं?"

सगळ्या माना पडद्याकडेच होत्या. डाहाळ्यांतून उन्हाचे ठिपके पडद्यावर पडले होते आणि नावांच्या मागच्या चांदण्यांत मिसळले होते. सगळ्या मांडवाला गुंगी आल्यासारखं झालं होतं. नणंद पाटावरून उठली, आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. पाहता पाहता बायका जमल्या. माहेर सुटायचं म्हणून नवरी रडते आहे, असंच सगळ्यांनी धरलं. कुणी तिला पोटाशी घेतलं, कुणी सासरचं गाव किती चांगलं ते सांगायला लागलं, सासूबाई कणकेच्या हातांनी रडू लागल्या. मी दाराशी उभी होते. मला माहीत होतं ती कशासाठी रडते आहे, आणि ते तिथं मोठ्यानं सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. गर्दीतून तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच पाह्यचं होतं ना मले."

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. ती गेली. टीव्ही बाजेवर बसून परत रस्त्यापलीकडे गेला. काकाजींनी अँटेना कवेलूंवर चढवला आणि पुढं आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

शनिवारी माझा नवरा मांडवपरतणीसाठी, पहिल्या माहेरपणाला, तिला आणायला गेला. संध्याकाळी दोघं आले. मी पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सासूबाईच पाणी घेऊन पुढं झाल्या होत्या. नवी चोळी, कपाळभर कुंकू, आणि चालण्यात पाऊल जपून टाकल्यासारखं काहीतरी आलं होतं. रात्री जेवताना ती सासरचं सांगत राहिली. विहिरीला पाणी गोड आहे, सासू कमी बोलते, दीर थट्टेखोर आहे. दिशावालीचं नाव तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही.

रविवारी सकाळी मात्र ती आपण होऊन म्हणाली, "चाल ना वयनी, तिकडे." आता तिला मांडवाची आडकाठी नव्हती. आम्ही रस्ता ओलांडून काकाजींकडे जाऊन बसलो. टीव्ही आपल्या जागी, अँटेना आपल्या जागी, चित्र स्वच्छ. मी अंग चोरून पुढं सरकले, कारण आज एकही शब्द सुटू द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं.

जहाज चाललं होतं. मालक आपल्या खुर्चीत. बिचारा आपल्या जागी. आणि दिशावाली आपल्या काचेपुढं बसून, बोट ठेवून सांगत होती की आता इकडे वळा. कुणी तिला काही विचारलं नाही. ती कुठं गेली होती, केव्हा आली, घर होतं का नव्हतं, साऱ्या भागात एक शब्द नाही. वेगळीच भानगड सुरू झाली होती, कसल्याशा दगडांची. मी कान टवकारून शेवटपर्यंत बसले. घर हा शब्द एकदाही आला नाही.

"म्हणजे गेलीच नाई ते," काकाजी म्हणाले आणि त्यांनी टीव्हीची दारं ओढून घेतली. त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं, कारण गेलीच नसेल तर गेल्या रविवारी आपण काही चुकवलं नाही.

"गेलती," नणंद म्हणाली.

"कशावरून?"

"रोज ते काम करता करता मान वर करून बाहेर पाहे. आज एकडाव नाई पाह्यलं."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी खरं-खोटं सांगावं म्हणून. मला सांगता आलं नाही. दोन वर्षं मी त्या बाईचं बोलणं लोकांना समजावून देत होते आणि ती मान वर करून पाहते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बोलण्याकडे कान ठेवणाऱ्याला एवढं कुठून दिसणार?

आम्ही बाहेर आलो. ऊन चढलं होतं. मांडव अजून काढला नव्हता, पण डाहाळ्या वाळून कुरकुरीत झाल्या होत्या आणि वारा आला की पानं खाली पडत होती. आम्ही दोघी त्याच्या सावलीत ओट्यावर टेकलो. लांबून छोट्या गाडीची शिट्टी ऐकू आली. पुलगावाहून आर्वीला जाणारी ती गाडी इतकी सावकाश जाई की शिट्टी संपल्यावरही बराच वेळ ती जवळपासच आहे असं वाटत राही.

"वयनी," ती म्हणाली, "वर्ध्यावरून तू इकडे येतं तवा तुले कसं वाटते?"

मी तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत मला या घरात कुणी काही कमी केलं नव्हतं. पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. "पुलगावपर्यंत रडू येते. छोट्या गाडीत बसली का मग इकडचं आठवते. गाय व्याली असन का, भाकरीचं पीठ आहे का नाई."

"माह्यं हिंगणघाटाले होत असन तसं," ती विचार करून म्हणाली. "काल येतांनी तिथंच मले वाटलं, आता आपलं गाव येईन. अन् मंग वाटलं, आपलं कोणतं?" तिनं खाली पडलेलं एक वाळकं पान उचललं. "अन् वर्ध्याले जातं तवा?"

हे मला सांगायचं नव्हतं. पण तिनं विचारलं होतं आणि तिला कळायला हवं होतं. "जातांनी खुशी राह्यते," मी म्हटलं. "पार दारापर्यंत. दारात आई पाणी घेऊन येते अन् इचारते, किती दिवस आहेस म्हणून. तेवढं नाई इचारलं तं बरं होईन, असं मले दरवेळी वाटते."

आतून सासूबाईंचा आवाज येत होता, जेवायला बसा म्हणून. नणंद त्या आवाजाकडे पाहत राहिली. मग पदरानं तोंड पुसून हळूच म्हणाली, "काल माह्या पायावर पाणी टाकतांनी मायनंही तेच इचारलं."